कालव्याच्या वाटेवरची अकरा मडकी

१

फळीवर अकरा मडक्यांच्या जागी धुळीत उमटलेली अकरा वर्तुळं तेवढी राहिली होती.

सार्जंट अल्विना ईनोसनं ती दोनदा मोजली. मोजून काही निष्पन्न होणार नव्हतं, पण पहाटे साडेपाचला, पोटात कॉफीचा घोट नसताना, पोलिसाला काहीतरी केल्यासारखं दाखवावं लागतं. तिच्या पाठीमागे उत्खननाचे प्रमुख डॉक्टर हार्लन टीग हातातली हॅट चुरगाळत उभे होते.

"काल संध्याकाळी सहाला मी स्वतः कुलूप लावलं," ते म्हणाले.

"आणि किल्ली?"

टीगनी दाराबाहेर बोट दाखवलं. पायरीखाली एक खिळा होता आणि खिळ्याला किल्ली लटकत होती. "तशी सगळ्यांनाच ठाऊक आहे ती," ते ओशाळून म्हणाले.

"मग कुलूप कशाला लावता? शोभेला?"

टीगनी चुरगाळलेली हॅट डोक्यावर ठेवली. माणूस वाईट नव्हता. गेले आठ महिने त्यांनी या उजाड माळावर तंबू ठोकून होहोकम या प्राचीन लोकांचं अख्खं गाव उकरून काढलं होतं: बावीस घरं, एक चेंडूचं मैदान, आणि चौदा नंबरच्या घराच्या अंगणात पुरलेली ही अकरा मडकी. प्रत्येक मडक्यात एका माणसाची राख आणि जळालेल्या हाडांचे तुकडे. तोंडावर छोटा वाडगा उपडा घातलेला. आठशे वर्षं कुणी त्यांना हात लावला नव्हता. आता शहराकडे पाणी नेणारा नवा कालवा इथून जायचा होता, म्हणून घाईघाईनं सगळं वर काढलं. गंमत अशी की हे लोक स्वतः कालवे खोदण्यात जन्म घालवलेले. अल्विनाच्या ओओधम जमातीच्या वस्तीतली म्हातारी माणसं त्यांना हुहुगम म्हणतात, म्हणजे संपून गेलेले, आणि आपले पूर्वज मानतात. पूर्वजांच्या कालव्यावर नातवंडांना न विचारता दुसऱ्यांचा कालवा, असा एकूण प्रकार होता.

जमीन मात्र वस्तीची. म्हणून चौकशी वस्तीच्या पोलिसांची, म्हणजे अल्विनाची.

राख परत वस्तीत यायची, शनिवारी पुरायची, असं ठरलं होतं. मग बुधवारी विद्यापीठातून पत्र आलं: आधी वर्षभर अभ्यास, मग बघू. शुक्रवारी सकाळी आठला हाडांच्या तज्ज्ञ बाई येऊन मडकी नेणार. ते ऐकून वस्तीतले सिप्रियानो आजोबा अल्विनाच्या कचेरीत येऊन बसले होते आणि अल्विना त्यांना म्हणाली होती, "आजोबा, काही झालं तरी अकराच्या अकरा तुमच्या हातात आणून देईन." पोलिसानं असा शब्द देऊ नये, हे तिला देतानाच कळत होतं.

तिनं खोली नीट पाहिली. खालच्या फळीवर एक रंगीत मडकं होतं. पिवळसर अंगावर लाल पक्ष्यांची रांग, एकही तडा नाही. त्यात राख नव्हती. चोरानं त्याला बोटही लावलं नव्हतं. आणि टेबलावर एका दगडाखाली कागदी चिठ्ठ्यांची छोटी चवड नीट रचून ठेवलेली होती. तिनं त्या उलगडल्या. प्रत्येक चिठ्ठीवर आकडे होते.

"मडक्यांच्या गळ्यात बांधलेल्या चिठ्ठ्या आहेत या," टीग म्हणाले. "अकराच्या अकरा. सोडून ठेवल्यात."

चोर येतो, अकरा गाठी शांतपणे सोडतो, चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतो. असला चोर अल्विनानं एकवीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

"आज यंत्र कधी सुरू होणार?" तिनं विचारलं.

"मी नऊला कालव्याच्या कचेरीत जातो. जमीन सोपवल्याच्या कागदावर सही केली की दुपारी बुलडोझर."

"चालवणार कोण?"

"ड्वाइट प्रुइट," टीग म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचाच आवाज उतरला. "तुम्हाला ठाऊकच असेल. जुनी भांडी विकताना पकडला होता तो."

२

"आलात का? मी केव्हाची वाट बघतोय," प्रुइट म्हणाला. बुलडोझरच्या सावलीत पाय पसरून तो अंड्याची भाजी गुंडाळलेली पोळी खात होता. "एकदा माणूस पकडला गेला ना सार्जंटबाई, की जगातली सगळी मडकी त्याच्याच नावावर."

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"बायकोच्या बहिणीकडे. तिच्या पोराचा वाढदिवस. सतरा माणसं साक्षीला आहेत, आणि सतराच्या सतरा जणांना मी आवडत नाही. खोटं बोलणार नाहीत."

"खिसे रिकामे कर."

त्यानं कुरकुरत एकेक वस्तू बुलडोझरच्या पट्ट्यावर मांडली. चाकू, तंबाखूची डबी, घराची किल्ली, आणि एक सेंटचं चकचकीत नाणं. १९८१ सालचं. टांकसाळीतून आजच आल्यासारखं.

"हे कुठलं?"

"त्यातही चोरी? सापडलं. रोज सकाळी यंत्राची वाट पायी बघून घेतो मी. चौदा नंबरच्या घरावर मातीत चमकत होतं. नवं नाणं सापडलं की दिवस बरा जातो म्हणतात." त्यानं तिच्या गणवेशाकडे पाहिलं. "मग आता माझं काय?"

"तू माझ्याकडे बसायचंस. मी सोडेपर्यंत."

"अगं बाई, या टापूत हे धूड चालवणारा मी एकटा आहे. मी बसलो की काम बसलं. मुकादम माझं कातडं सोलेल."

"सोलू दे. तुझी जबानी होईपर्यंत कुणीही यंत्राला हात लावायचा नाही."

तो दात काढून हसला आणि उठला. मुकादम येऊन आरडाओरडा करून गेला. सात वाजले होते आणि माळ तव्यासारखा तापायला लागला होता. अल्विनाला निदान एवढं समाधान होतं, की ती त्याला बसवून ठेवेल तोवर बुलडोझरही गप्प बसेल.

३

हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टर कॉन्स्टन्स मेरो बरोबर आठला आल्या. गाडीच्या मागच्या बाजूला अकरा खोकी, आत कापूस. मडकी गेल्याचं ऐकताच त्या गाडीच्या पायरीवर मटकन बसल्या.

"तुमच्याच माणसांनी नेली," त्या म्हणाल्या. "कशाला गोल गोल फिरता, ऑफिसर? त्यांना ती मला द्यायची नव्हती."

"तुम्हाला आज मिळणारच होती, म्हणून तुमच्यावर संशय नाही असं समजू नका," अल्विना म्हणाली. "आमच्या पंचांनी काल दुपारी वकिलाला फोन केला होता. तुमचं पत्र सोमवारी अडकलं असतं. हे तुमच्या कानावर आलं होतं ना?"

मेरोबाईंचा चेहरा लाल झाला. "आलं होतं."

"मग आज रीतसर नेलेली मडकी सोमवारी परत द्यावी लागली असती. चोरीला गेलेली तुमच्याकडे कोण मागणार?"

"गाडी तपासा. घर तपासा." बाईंचा आवाज चिरका झाला. "मला खजिना नको होता हो! ती माणसं काय खात होती, किती जगली, बायका बाळंतपणात जात होत्या का, एवढंच बघायचं होतं. माझ्या शेल्फावर ती शंभर वर्षं सुखरूप राहिली असती. एक तुकडा हरवला नसता. आता बघा, कुठल्या तरी विहिरीत पडली असतील."

अल्विनानं चिठ्ठ्यांची चवड त्यांच्यापुढे धरली. बाईंनी ती पाहिली मात्र, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी.

"सोडून टाकल्या?" त्या पुटपुटल्या. "म्हणजे कुठलं कुणाचं, काहीच कळणार नाही. चिठ्ठी गेली की ते नुसतं राखेचं मडकं. मला काय, कुणालाच त्याचा उपयोग नाही."

अल्विनानं चिठ्ठ्या परत खिशात ठेवल्या. बाईंना तिनं जायला सांगितलं नाही, पण मनातल्या यादीतून त्यांचं नाव खोडून टाकलं. डॉक्टर टीग यांचंही त्याच झटक्यात खोडलं गेलं. आकडा म्हणजे या लोकांचा प्राण. चोरी केली असती तरी यांनी चिठ्ठ्या मडक्यांच्या गळ्यात तशाच ठेवल्या असत्या.

यादीत दोघे उरले. एक बुलडोझरपाशी बसून शिट्टी वाजवत होता. दुसऱ्याचं नाव मनात आलं तशी तिनं मान झटकली आणि मोटार वस्तीकडे वळवली.

४

सिप्रियानो अँटोन आज कामावर आले नव्हते.

चाळीस वर्षं ते उत्खननावर मजुरी करत आले होते. टीग यांच्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी फावडं धरलं तेव्हा टीग शाळेत होते. माती नुसती हातात घेऊन म्हातारा सांगायचा, इथे चूल होती, इथे भिंत होती. अल्विनाच्या आजीचे ते भाऊ. तिची आई लवकर गेली, आणि सरकारी वसतिगृहाची बस आली त्या दिवशी नऊ वर्षांच्या अल्विनाला हात धरून बसपर्यंत नेणारे हेच. त्या बसनं ती गेली ती दहा वर्षांनी परत आली. इंग्रजी फर्डं, ओओधम भाषा अर्धीमुर्धी, आणि घरातल्या कितीतरी रीती तिच्या गैरहजेरीत आजीबरोबर मातीत गेलेल्या.

म्हातारा मेस्किटच्या लाकडाच्या खांबांवरल्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसला होता. चुलीवर शेंगांच्या दाण्यांची हंडी होती.

"आजोबा, मडकी गेली."

त्यांनी मान वर केली नाही.

"काल संध्याकाळी तिथे कोण होतं? तुम्ही शेवटी निघालात म्हणे."

नुसतं हंडीकडे बोट. म्हणजे आधी खा. अल्विना खाली बसली. एवढ्या तेवढ्या बोलण्यावर म्हातारा रुसतो, हे तिला माहीत होतं. शब्द देऊन तो पाळला नाही, मग त्यानं का बोलावं? तिनं वाडग्यात दाणे घेतले. एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"अळणी आहे हे."

म्हाताऱ्यानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"डॉक्टरनं मीठ बंद केलंय का? रक्तदाब वाढला असेल. सांगायचं ना." मीठ कुठे दिसेना, म्हणून तिनं तसंच संपवलं. पोटात काही गेल्यावर तिला जरा धीर आला, आणि धीर आल्यावर रागही आला. "आजोबा, मी शोधून काढीन. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडत नाही. फक्त एक सांगा, तुम्हाला कुणाचा संशय आहे?"

सिप्रियानोंनी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. काही सांगायचं आहे आणि सांगता येत नाही, असं काहीतरी होतं. त्यांनी हात वर करून चार बोटं दाखवली आणि हात मांडीवर ठेवला.

"चार? चार माणसं होती?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

अल्विना उठली. म्हातारपण, उष्मा, दुःख. चार म्हणजे काय, हे विचारत बसायला तिला वेळ नव्हता. परतीच्या वाटेवर मात्र तिच्या लक्षात आलं की आपण त्यांना 'तुम्ही नेलीत का' हा सरळ प्रश्न विचारलाच नाही. विचारायचा नव्हताच.

५

साडेअकराला तिनं प्रुइटला मडक्यांच्या खोलीत आणून बसवलं, त्याच्या वस्तू टेबलावर ठेवल्या आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"खालच्या फळीवर ते लाल पक्ष्यांचं मडकं आहे. पाहिलंयस?"

"पाहिलंय म्हणजे! तसलं एक विकलं तेव्हा वर्षभर ट्रकचे हप्ते गेले होते."

"आणि अकरातली?"

"साधी, बिनरंगाची. दोन तर फुटकी, दोऱ्यानं बांधलेली. राखेसकट फुकट दिली तरी गिऱ्हाईक हात लावणार नाही. भुताला भितात लोक."

अल्विनानं सुस्कारा सोडला. हे तिला सकाळीच कळायला हवं होतं. विकणारा चोर रंगीत मडकं तिथेच ठेवून फुटकं नेत नाही. वाढदिवसाला आलेल्यांनीही फोनवर तो तिथेच होता असं सांगितलं होतं. या माणसाला आणखी डांबून ठेवण्याचं एकच कारण उरलं होतं, ते म्हणजे तो तिला आवडत नव्हता. ते काही कायद्यात बसत नाही.

"जा," ती म्हणाली. "सुटलास."

"माफी वगैरे?"

"मागितली समज."

तो हसत उठला. टेबलावरची किल्ली, चाकू, डबी त्यानं उचलली. "नाणं राहू दे तुम्हालाच. कॉफीत घाला."

कालव्याच्या कचेरीतून बिनतारी निरोप आला होता, टीग यांची सही झाली, काम सुरू करा. काही मिनिटांत बुलडोझरनं धूर ओकला आणि तो माळाच्या पश्चिम टोकाकडे निघाला. आज शुक्रवार, साडेतीनला सुट्टी, मग सोमवारपर्यंत सगळं बंद. अल्विनाला त्या आवाजाचं काहीच वाटलं नाही. उलट एक काम हातावेगळं झाल्यासारखं वाटलं.

मग ती त्या रिकाम्या फळीसमोर खुर्ची ओढून बसून राहिली. बारा वाजले, एक वाजला. तिच्या डोक्यात हिशेब केव्हाच पुरा झाला होता. पैसा नको असलेला, आकडे नको असलेला, पण चिठ्ठ्या मात्र फेकून न देता दगडाखाली ठेवणारा, कुणाच्या कामाचा अपमान न करणारा माणूस. असा माणूस तिच्या ओळखीत एकच होता, आणि त्याच्या हातचे दाणे ती सकाळी खाऊन आली होती. तिला उत्तर ठाऊक होतं आणि ते तिला नको होतं. म्हणून तिनं पुन्हा एकदा मेरोबाईंची गाडी तपासली. पुन्हा एकदा जबान्या लिहून काढल्या. चांगले दोन तास तिनं त्यात घालवले, आणि पुढे आयुष्यभर तिला या दोन तासांचा जाब कुणी विचारला नाही, तिनं स्वतःच विचारला.

तीनला दहा मिनिटं कमी असताना टीग परतले. घाम पुसत टेबलाशी आले आणि थांबले.

"हे नाणं इथे कसं?"

"प्रुइटला सापडलं. चौदा नंबरच्या घरावर, मातीत."

"वर? शक्य नाही." टीगनी नाणं उचलून साल पाहिलं. "हे मी टाकलंय. तळाला. चार फूट खाली."

"म्हणजे?"

"रीत आहे आमची. खोदलेला खड्डा बुजवायच्या आधी तळाशी त्या सालचं नाणं टाकायचं. पुढे कुणी खणत आलं तर त्याला कळावं, इथे आधी येऊन गेलेत, खाली काही उरलेलं नाही. इथे बाकीचे खड्डे आम्ही उघडेच ठेवले. यंत्र येणार, बुजवून काय करायचं? फक्त चौदा नंबरात एक वासरू पडलं, म्हणून तेवढं बुजवलं."

"पण तिथेही यंत्र येणारच होतं ना? मग नाणं कुणासाठी?"

टीगनी हातातल्या नाण्याकडे पाहिलं. "सवय," ते म्हणाले. "तीस वर्षांची सवय. हात आपोआप खिशात जातो."

अल्विना उभी राहिली. चार फूट खालचं नाणं वर आलं, याचा अर्थ कुणीतरी बुजवलेला खड्डा पुन्हा उकरला. काल संध्याकाळी. आणि एकाएकी तिला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. दार लावलेलं, आत बायका कुजबुजताहेत, आणि आजी कुणाला तरी दटावते आहे: मेलेल्याला हात लावणाऱ्यानं चार दिवस मीठ खायचं नाही, चार दिवस त्याच्याविषयी बोलायचं नाही, नाहीतर गेलेल्याची वाट मोडते.

अळणी दाणे. चार बोटं.

"डॉक्टर," ती ओरडली, "बुलडोझर कुठे आहे आत्ता?"

६

मोटार खड्ड्यांतून उधळत गेली. टीग शेजारी दार धरून बसले होते आणि तेच तेच बोलत होते, "चौदा पश्चिमेला. अगदी कडेला. कदाचित अजून..."

पश्चिमेच्या कडेला आता घर नव्हतं. आठ फूट खोल, सरळ कापलेला रुंद चर होता आणि त्याच्या तळाशी बुलडोझर संथपणे मागे-पुढे करत होता. अल्विना मोटारीतून उतरली, दोन्ही हात हलवत चरात उतरली, घसरली, गुडघे सोलवटून घेत पुन्हा उठली. प्रुइटनं यंत्र बंद केलं.

"आता काय केलं मी?"

"इथे मडकी होती. चौदा नंबरात. पाहिलीस? काही लागलं?"

"बाई, वर बसून मला माणूस दिसत नाही, मडकं काय दिसणार." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो यंत्रावरून खाली उतरला. मग हळू आवाजात म्हणाला, "चौदा नंबर पहिलाच घेतला. भुसभुशीत होता, लोण्यासारखा गेला. बाराच्या आत."

"ती माती कुठे आहे?"

त्यानं हात लांब केला. चराच्या काठानं बांध उठत होता. ट्रक माती ओतत होते, दुसरं यंत्र ती पसरत होतं आणि मागून रूळ फिरत होता. नजर पोचेल तिथपर्यंत बांध होता.

अल्विना बांधावर चढली आणि हातांनी माती उकरायला लागली. टीगही आले. थोड्या वेळानं मेरोबाईही आल्या, काही न बोलता गुडघ्यांवर बसल्या. एक खापराचा तुकडा निघाला, मग दुसरा, मग तिसरा. अल्विनानं तो टीग यांच्यापुढे धरला.

"त्यांतलाच आहे का?"

टीगनी तो उलटसुलट केला. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "या जमिनीत कुठेही पाय ठेवा, खापर निघतंच."

मेरोबाईंच्या बोटाला करड्या मातीत एक पांढरा कण लागला. नखाएवढा. त्यांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. हाड की चुनखडीचा खडा, त्यांनाही कळेना. त्या रडत होत्या. अल्विनाला त्यांचा सकाळी राग आला होता. आता तेवढाही आधार राहिला नाही. त्यांच्या खोक्यांत, कापसात, आकड्यांसकट ते अकरा जण आत्ता सुखरूप असते.

साडेतीनचा भोंगा झाला. माणसं डबे उचलून घरी निघाली.

७

सिप्रियानो त्याच खुर्चीत होते. अल्विनाच्या हातांवरची माती, फाटलेला गुडघा त्यांनी पाहिला आणि ते सावकाश उठून उभे राहिले.

"मी बोलते, तुम्ही ऐका," ती म्हणाली. "चार दिवस झाले नाहीत, मला माहीत आहे. आता वाट मोडायची काही राहिलेली नाही, आजोबा." आणि तिनं सगळं सांगितलं. एका दमात, पोलिसी अहवाल द्यावा तसं, कारण तसं नाही सांगितलं तर सांगताच येणार नव्हतं.

म्हातारा परत बसला. मग बोलला. आवाज वापरात नसल्यासारखा खरखरला.

"त्यानं नाणं टाकलं होतं. मी बघितलं."

"हो."

"कालव्याच्या हद्दीची निशाणं वाऱ्यानं केव्हाच उडाली. कालवा कुठवर, कुणाला कळत नव्हतं. पण नाणं टाकलं म्हणजे पुढे माणसं येणार, फावडी घेऊन येणार. चाळीस वर्षं मी तेच बघितलं, पोरी. नाणं टाकून बुजवलं की ती जागा कुणी नासत नाही. म्हटलं, कालवा काही इथवर येत नाही, यांच्या अंगणाशेजारीच आहे, इथेच निजू दे." ते थांबले. "नाणं काढून बाहेर टाकलं मीच. नाणं म्हणजे खाली काही नाही. मग ते खोटं झालं असतं ना."

अल्विनाला त्यांच्याकडे बघवेना.

"यंत्र कोण चालवत होता?" त्यांनी विचारलं.

"प्रुइट. सकाळपासून मी त्याला अडकवून ठेवलं होतं. साडेअकराला सोडलं."

"का सोडलंस?"

"त्यानं काही केलं नव्हतं, आजोबा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "मग बरोबर केलंस," ते म्हणाले, अगदी मनापासून, तिची समजूत घालायला. त्यांनी थोबाडीत मारली असती तर तिला सोसलं असतं. एका निरपराध माणसाला फक्त चार तास जास्त छळलं असतं तर साडेतीन वाजले असते, शनिवार-रविवार यंत्रं झोपली असती.

"सोमवारी सांगणार होतो तुला," सिप्रियानो म्हणाले. "दिवस पुरे झाले की. तुला एकटीलाच."

अहवालात काय लिहायचं ते तिनं ठरवून टाकलं होतं: चोर सापडला नाही. त्यामुळे म्हाताऱ्याची सुटका होणार होती, आणि त्या सुटकेचं त्याला काही करायचं नव्हतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"नोव्हेंबरात," त्यांनी मध्येच विचारलं, "मेलेल्यांच्या दिवशी, बायका मेणबत्त्या घेऊन येतील. कुठे लावायच्या विचारतील. मी काय सांगू?"

अल्विनानं मागे वळून पाहिलं. लांबवर बांधाची सरळ, नवी रेघ उन्हात पडली होती.

"कुठेही लावा म्हणावं," ती म्हणाली. "पाच मैलांत कुठेही."